भंगारातला सुटा भाग की अख्खी गाडी?

जुन्या फोर बाय फोरला, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाडीला, दाराची कडी, आरसा किंवा स्टार्टर एवढंच हवं असेल, तर भंगार यार्डातून सुटा भाग उचलावा. त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

ॲक्सलचं (चाकं फिरवणाऱ्या आडव्या दांड्याचं) काम निघालं की गणित बदलतं. पुढच्या-मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो (दातांचं गुणोत्तर) एकच लागतो. नाहीतर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. म्हणून सुटा ॲक्सल घेताना डिफरन्शियलचं (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचं) झाकण उघडून दात मोजा: क्राउनला (मोठ्या चक्राला) ४१, पिनियनला (छोट्या चक्राला) १०, म्हणजे रेशो ४.१०. बोल्टाखालच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर लिहिलेल्या रेशोवर विसंबू नका. आतले गिअर आधीच कुणी बदललेले असू शकतात. तेलात धातूचा चुरा दिसला तर तो ॲक्सल सोडून द्या.

भाग काढून घ्यायला अख्खी भंगार गाडी घेतली तर दोन्ही ॲक्सल जोडीनं येतात. शिवाय ब्रॅकेट, खास मापाचे बोल्ट, वायरिंगचे कनेक्टर. खरा वेळ ही किरकोळ पिलावळच शोधताना जातो. जागा मात्र लागते, आणि घरच्यांचा संयमही. माझा कौल तरी मोठ्या कामाला अख्ख्या गाडीलाच, तिची चॅसी (खालचा सांगाडा) गंजलेली असली तरी चालेल, फक्त गिअरबॉक्स शाबूत हवा.

ब्रेकचे होस (रबरी नळ्या) आणि ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) मात्र यार्डातलेही नकोत आणि अख्ख्या गाडीतलेही नकोत, ते नवेच घ्या.