अंगणातल्या हौदाला यूव्ही फिल्टर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचं मत

सांगलीत विश्रामबागला आमच्या अंगणात साधारण 3000 लिटरचा हौद आहे, त्यात कोई (रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश. उन्हाळ्याच्या तोंडावर यूव्ही (अतिनील) दिव्याचा फिल्टर बसवला. आता दिवाळी उलटली, म्हणून लिहितोय.

हिरवं पाणी गेलं, यात वादच नाही. तळ दिसत नव्हता तिथे दोनेक आठवड्यांत माशांचे खवले मोजता येऊ लागले. भिंतीवरचं लांब केसाळ शेवाळ मात्र तसंच राहतं. दिव्याजवळून वाहतं तेवढ्याच पाण्यातलं शेवाळ मरतं. भिंत हातानेच खरवडायची.

पण नितळ पाणी म्हणजे ठणठणीत मासे, असं अजिबात समजू नका. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाला रंग नसतो आणि दिवा त्याला हातही लावत नाही. तो संपवायचं काम फिल्टरच्या स्पंजमधल्या जिवाणूंचं, आणि त्यांचा जम बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर खाणं चिमूटभरच आणि अमोनिया मोजायचं टेस्ट किट हाताशी हवंच. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन हलका पिळायचा.

मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्यात रात्री शेवाळही तोच ओढतं. एकदा रात्रभर लाइट नव्हती. पहाटे सगळे कोई वर तोंड काढून धापा टाकत होते. बॅटरीवरचा एअर पंप लावल्यावर अर्ध्या तासात खाली गेले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एकाच वस्तूचे पैसे असतील, तर आधी एअर पंप घ्या.

खरी डोकेदुखी आमच्या बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्याची. दिव्यावरच्या काचेच्या नळीवर पांढरा खडबडीत थर बसतो, बोटाने निघत नाही, आणि पाणी हळूहळू परत हिरवं व्हायला लागतं. नळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की स्वच्छ निघते. त्याआधी प्लग काढाच, तो प्रकाश डोळ्यांना घातक असतो. सोबतच्या माहितीपत्रकात या थराबद्दल अवाक्षर नाही, याचा मला राग आहे.

दिवा पेटता दिसला तरी वर्षभरात त्याचा जोर ओसरतो. माझ्या मॉडेलचा सुटा दिवा सांगलीत मिळाला नाही, पुण्याहून मागवला. घेण्याआधी दुकानदाराला दिवा आणि काचेची नळी सुटी मिळते का, ते विचारा.