तीन दलं, मित्रदेश आणि एक नेट: कोणता मार्ग घ्यावा?

पायदळाच्या कंपनीकडचा नेहमीचा रेडिओ सेट साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये एफएमवर बोलतो. डोक्यावरून जाणारं लढाऊ विमान बहुतेक वेळा २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएमवर बोलतं. म्हणजे शत्रूने जॅमर चालू करायच्या आधीच दोघं एकमेकांना बहिरे. म्हणूनच हवाई मारा मागवणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर आणखी एक वेगळा सेट, त्याच्या वेगळ्या बॅटऱ्या आणि तो वाहणारा माणूस, असं सगळं चालतं.

आणि हा सोपा भाग झाला. पट्टा जुळला तरी वेव्हफॉर्म, म्हणजे संदेश लहरींवर चढवायची ठरलेली पद्धत, जुळावा लागतो. तो जुळला तर क्रिप्टोची, म्हणजे संदेश गुप्त करायच्या कूटपद्धतीची, किल्ली दोघांकडे एकच हवी. किल्ली असली तर संदेशाचा साचा सारखा हवा, नाहीतर एकाचं ‘लक्ष्य’ दुसऱ्याच्या पडद्यावर नुसता ठिपका होऊन येतं. त्यानंतर शेवटचा प्रश्न: कोणी कोणाला काय दाखवायचं? त्याचं उत्तर कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही.

थिएटर कमांडची, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली आणायची, चर्चा २०२० मध्ये चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद आल्यापासून जोरात आहे. सेनादलांच्या गरजांचा मसुदा लिहिणाऱ्यांपुढे, त्यावर मत देणाऱ्यांपुढे आणि त्यानुसार माल बनवू पाहणाऱ्या कंपन्यांपुढे आज ढोबळमानाने चार मार्ग आहेत. सगळ्यांना एकच सेट द्या. आहे ते राहू द्या आणि मध्ये गेटवे बसवा. मानक ठरवा आणि सेट कोणीही बनवो. किंवा मोठ्या मित्रदेशाची तयार लिंक, म्हणजे विमानं-जहाजांमध्ये माहिती पोचवणारी रेडिओ-व्यवस्था, घ्या. चौघांचे वकील भेटतात आणि प्रत्येकाला आपलाच मार्ग ‘जॉइंटनेस’ वाटतो.

एकच सेट: कागदावर सगळ्यात देखणा

या मार्गाचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेने केला. जॉइंट टॅक्टिकल रेडिओ सिस्टिम, म्हणजे जेटीआरएस, १९९७ मध्ये सुरू झाली. कल्पना अशी की सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओंचं एक कुटुंब करायचं आणि जुने डझनावारी प्रकार मोडीत काढायचे. मग प्रत्येक दलाने आपापली मागणी त्याच पेटीत कोंबली. पेटी जड झाली, तापायला लागली, महाग झाली. दरम्यान इराक आणि अफगाणिस्तानात फौजा लढत होत्या, त्यांना रेडिओ आज हवे होते, म्हणून त्यांनी बाजारातले दुसरे सेट घेतले. वाहनांवर बसवायचा जेटीआरएसचा मुख्य सेट अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये रद्द झाला. तोवर अब्जावधी डॉलर गेले होते.

तरी हा मार्ग अगदी टाकाऊ नाही. छोटी फौज असेल, एकाच वेळी सगळं नवं घ्यायचं असेल, तर एक सेट म्हणजे एक प्रशिक्षण, एक बॅटरी, सुट्या भागांचं एकच कोठार. सिग्नल्सचा माणूस यासाठी दुवा देईल. पण ज्यांच्याकडे टी-७२ रणगाडाही आहे, रशियन सुखोईही आहे, फ्रेंच राफेलही आहे आणि इल-७६ विमानाच्या पाठीवर इस्रायली रडार लावलेलं, टेहळणीचं अवॅक्सही आहे, त्यांना सगळीकडे एकच पेटी बसवायची म्हणजे प्रत्येक विमानाची वायरिंग उसवायची आणि प्रत्येक मूळ उत्पादकाची मनधरणी करायची. भारतासाठी माझं मत स्पष्ट आहे: नको.

भारताने सॉफ्टवेअर रेडिओ घेतले, पण बेताने. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी एसडीआर-टॅक या रेडिओसाठी १,००० कोटी रुपयांहून जास्तीचा करार केला. त्यामागे डीआरडीओची देहराडूनची डील प्रयोगशाळा, बंगळुरूची केअर आणि नौदलाची वेसी ही संस्था होती. तिन्ही दलांचा एकच डबा करण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही, हे बरं झालं.

गेटवे: लवकर होतो, आणि तिथेच गोम आहे

दोन वेगळ्या व्यवस्थांच्या मध्ये दुभाषा बसवायचा. अमेरिकेची गोष्ट इथे बोलकी आहे. एफ-२२ आणि एफ-३५ दोन्ही त्यांचीच, एकाच कंपनीची, एकाच हवाई दलात उडणारी. पण दोघांच्या लपून बोलायच्या डेटालिंक वेगळ्या आणि एकमेकींना न कळणाऱ्या. २०२१ मध्ये एका चाचणीत त्यांना जोडायला यू-२ विमानावर गेटवे चढवावा लागला, म्हणजे शीतयुद्धातलं हेरविमान. जगातला सगळ्यात मोठा संरक्षण खर्च करणाऱ्यांची ही कथा. बाकीच्यांनी फार लाजायचं कारण नाही.

अफगाणिस्तानच्या डोंगरांत त्यांनी बॅकन नावाची यंत्रणा ई-११ए विमानांवर उडवली. दरीतला सैनिक आणि वरचं विमान यांच्यात ती उंचावरून आवाज आणि डेटा पोचवायची, एका लिंकचं दुसरीत रूपांतर करायची. उपयोग मोठा झाला. २७ जानेवारी २०२० ला त्यातलं एक विमान गझनी प्रांतात कोसळलं आणि दोघे वैमानिक गेले. ताफ्यात विमानं मोजकीच होती. सगळ्यांचं बोलणं एका ठिकाणाहून जात असेल तर ते ठिकाण गेल्यावर काय, हा गेटवेला विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न कमी विचारला जातो. गेटवेमध्ये संदेश एका क्रिप्टोतून सोडवला जातो आणि दुसऱ्यात पुन्हा बांधला जातो. मधल्या क्षणी तो उघडा असतो. म्हणजे ज्या पेटीत सगळ्यांची गुपितं उघडी होतात तिला कुलूप कोणाचं, राखण कोणाची, हे आधी ठरलं पाहिजे. तिसरं, भाषांतरात काही गळतं. एका साच्यात लक्ष्याच्या ओळखीची खात्री नोंदवायला रकाना असतो, दुसऱ्यात नसतो. तो मजकूर वाटेतच राहतो. शिवाय एकच विमान दोन रडारांनी पाहिलं आणि दोन वाटांनी आलं तर पडद्यावर दोन विमानं दिसतात. गोळी सोडायला सेकंद उरलेले असताना ही करमणूक नसते.

गणितही पाहा. तीन व्यवस्था एकमेकींना जोडायला तीन पूल लागतात. दहा व्यवस्थांना पंचेचाळीस. प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर त्यातला कुठला तुटला ते शोधायचं.

एवढं असूनही आज भारतात जे चालतंय ते बरंचसं याच मार्गाने. हवाई दलाची आयएसीसीएस ही हवाई संरक्षणाची यंत्रणा २०१० मध्ये सुरू झालेल्या एएफनेट या त्यांच्या जाळ्यावर उभी आहे. लष्कराचं आकाशतीर, तेही हवाई संरक्षणाचंच, मार्च २०२३ च्या १,९८२ कोटींच्या करारातून आलं, बनवणारी कंपनी पुन्हा भारत इलेक्ट्रॉनिक्स. नौदलाचं त्रिगुण वेगळं. मे २०२५ च्या चकमकींत आकाशतीर आणि आयएसीसीएस जोडून चाललं. दोन्ही घरं आपापल्या जागी राहिली, मधली भिंत फोडून दार केलं. वेळेत झालं आणि कामाला आलं, हे मान्य करायलाच हवं. एकाच कंपनीने बरंच काही बनवलेलं असणं इथे मदतीला आलं असणार. प्रत्येक वेळी तसं नसेल.

गेटवेबद्दल माझी तक्रार एकच: तो तात्पुरता म्हणून येतो आणि निवृत्तीपर्यंत राहतो. घ्यायचाच असेल तर करारात त्याची शेवटची तारीख लिहा.

मानक: कंटाळवाणं, म्हणून मागे पडतं

जेटीआरएसचा मुख्य सेट मेला, पण त्याच्या पोटी जन्मलेलं एससीए हे सॉफ्टवेअर मानक जगलं. त्याचा गाभा साधा: वेव्हफॉर्म हे सॉफ्टवेअर आहे, ते एका कंपनीच्या सेटवरून दुसरीच्या सेटवर फार मोडतोड न करता नेता आलं पाहिजे. युरोपातल्या देशांनी त्याच विचारावर एसॉर हा सामायिक कार्यक्रम उभा केला. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर, म्हणजे इरसाची पहिली आवृत्ती जाहीर केली. डीआरडीओ, एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि तिन्ही दलं मिळून.

याचा फायदा लगेच दिसत नाही. पाच-दहा वर्षांनी दिसतो, जेव्हा दुसरी कंपनी स्वस्तात सेट देते आणि जुना वेव्हफॉर्म त्यावर चालतो. पुण्या-नाशिकच्या लहान कंपन्यांना दार उघडणारा मार्ग हाच, कारण एक सेट किंवा एक गेटवे यांत बहुधा एकच मोठी कंपनी जिंकते आणि पुढची वीस वर्षं अपडेटही तिच्याच दराने घ्यावे लागतात.

पण मानकाच्या भक्तांनाही एक चिमटा. नाटोकडे स्टॅनॅग नावाचे करार शेकड्यांनी आहेत. त्यांत जागोजागी ‘ऐच्छिक’ कलमं असतात, प्रत्येक देश आपल्याला हवी ती निवडतो, आणि मग मानकाला धरून बनवलेले दोन सेट समोरासमोर गप्प बसतात. मानकाबरोबर तपासणीची प्रयोगशाळा आणि नापास करायचा अधिकार नसेल तर ते कपाटातलं पुस्तक. इरसाचंही खरं वजन प्रमाणपत्र कोण देतं आणि कोणाला नाकारतं यावर ठरेल.

रेडिओचं सॉफ्टवेअर एकसारखं झालं तरी संदेशाचा साचा आपोआप एक होत नाही, हेही ध्यानात ठेवा. नाटोची लिंक-१६ ही डेटालिंक टिकली ती रेडिओमुळे कमी आणि संदेशांच्या ठरलेल्या यादीमुळे जास्त, असं मला वाटतं. तिथे दर बारा सेकंदांचे १,५३६ तुकडे पाडलेले असतात, प्रत्येकाला बोलायची पाळी नेमून दिलेली असते आणि काय बोलायचं त्याचे साचेही ठरलेले असतात.

मित्राची लिंक: चालते छान, किल्ली त्याच्याकडे

मग लिंक-१६ च का घेऊ नये? तिच्या किल्ल्यांची व्यवस्था अमेरिकेच्या हातात आहे. तशी कूटसंपर्काची उपकरणं मिळवायला भारताने ६ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीत अमेरिकेशी कॉमकासा हा सुरक्षित लष्करी संपर्काचा करार केला. त्याआधीची अडचण नौदलाला चांगली ठाऊक होती: पी-८आय ही पाणबुडीशोधक विमानं २०१३ पासून अरक्कोणमला येऊ लागली, पण अमेरिकेची खास कूटसंपर्क उपकरणं वगळून. त्या जागी बाजारात मिळणारी उपकरणं बसवली होती. त्याच विमानांत भारत इलेक्ट्रॉनिक्सची डेटालिंक-२ मात्र बसली, म्हणजे आपल्या जहाजांशी बोलायला आपली लिंक. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते: घरच्यांशी घरच्या किल्लीने आणि पाहुण्यांशी पाहुण्यांच्या.

कॉमकासाने समुद्रावर खरा फायदा होतो. हिंदी महासागरात कोणाची पाणबुडी कुठे आहे हे दोन नौदलांनी पाहिलेलं एकत्र येणं मोलाचं. मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचं क्षेत्र अरबी समुद्रभर पसरलेलं आहे. तिथे मित्रांची जहाजंही वावरतात. पण जमिनीवर आणि हवाई संरक्षणात चित्र उलटं आहे. आपल्या ताफ्यातला मोठा हिस्सा रशियन. त्यावर अमेरिकन क्रिप्टो चढवायला अमेरिका राजी होणार नाही. रशियन एस-४०० घेतल्यावर तुर्कस्तानला २०१९ मध्ये एफ-३५ कार्यक्रमातून काढलं, हे ताजं उदाहरण. शिवाय अशा उपकरणांच्या हिशोबाची आणि तपासणीची अट असते. आणि लिंक-१६ चा ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झचा पट्टा नागरी विमानांच्या दिशादर्शक यंत्रणाही वापरतात. शांततेच्या काळात तिथे बोलायचं तर नागरी विमान वाहतूक खात्याशी घासाघीस आलीच.

मित्रांबरोबर काम करायची आणखी एक तऱ्हा आहे. अफगाणिस्तानात सुरुवातीला प्रत्येक देशाचं जाळं वेगळं, म्हणून एकाच टेबलावर तीन-चार संगणक. २०१० मध्ये तिथे सगळ्यांसाठी एक सामायिक जाळं उभं केलं आणि त्यातून पुढे नाटोची फेडरेटेड मिशन नेटवर्किंग ही पद्धत आली: स्वतःचं जाळं स्वतःकडे, मोहिमेपुरतं ठरलेल्या नियमांनी जोडायचं, मोहीम संपली की सोडायचं. कुठल्याच गटात न बसणाऱ्या देशाला ही तऱ्हा सोयीची आहे.

जे विकत मिळत नाही

२७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी पुढे ती मोठी चूक असल्याचं मान्य केलं. इथे दोन दलं नव्हती, दोन देशही नव्हते. हेलिकॉप्टर आणि क्षेपणास्त्र एकाच दलाचं. कार्यपद्धती आणि सराव यांची किंमत कुठल्याच निविदेत लिहिलेली नसते.

स्थिर मुख्यालयं जोडणं त्या मानाने सोपं. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१६ मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स कम्युनिकेशन नेटवर्क सुरू झालं, लडाखपासून बेटांपर्यंत. फिरत्या, उडत्या आणि जॅमिंगखालच्या माणसाला जोडणं हा वेगळाच धंदा आहे.

मी कुठे बोट ठेवीन

नव्या प्रत्येक खरेदीला इरसा आणि तिन्ही दलांनी मान्य केलेली संदेशांची एकच यादी सक्तीची. ही यादी रेडिओपेक्षा आधी, आणि तिचा मालक एकात्मिक मुख्यालय, कुठलंही एक दल नव्हे. जुन्यासाठी गेटवे, पण हवाई संरक्षणासारख्या ठिकाणीच, जिथे एक मिनिटही थांबता येत नाही. परदेशी लिंक फक्त नौदलाच्या आणि सागरी टेहळणीच्या कडेला, काढता येईल अशा पेटीत. ती काढली तरी आपलं घरचं नेट जसंच्या तसं चाललं पाहिजे. बजेट कमी असेल तर आधी सेटांची संख्या कापा, यादी आणि प्रयोगशाळा कापू नका.

आणि चाचणीचं कलम असं लिहा: दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट, किल्ल्या दलांनी स्वतः भरलेल्या, जॅमर चालू, सेट हाताळणारे जवान आणि हवाई योद्धे. कंपनीचे इंजिनीअर तंबूच्या बाहेर, चहा पीत.