म्हैसमाळ-वेरूळ एकदिवसीय ज्येष्ठ सहल: माणसे चांगली, वेळापत्रक फसलेले

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जालन्याहून आम्ही अकरा जण एका दिवसासाठी खुलताबादजवळच्या म्हैसमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलो. त्यात सर्वांत लहान मी, वय ६६, आणि सर्वांत मोठ्या आमच्या गल्लीतील मावशी, वय ८१. दोघांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, चौघांना मधुमेह, आणि रक्तदाबाची गोळी न घेणारा बहुधा एकही नाही. सहल छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रवासी सेवेने काढली होती आणि तिच्या जाहिरातीत ‘खास ज्येष्ठांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. या सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आम्ही आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती आणि तिथले वेळापत्रकही जवळपास असेच होते. तेव्हा सगळा दोष एकीच्याच माथी मारणे बरे नव्हे.

बेत असा होता: सकाळी ६ वाजता निघून दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती, म्हैसमाळला गिरिजामाता आणि बालाजी, शेवटी सूर्यास्त पाहून परत. नाश्ता व जेवण धरून माणशी १,६५० रुपये. यादी वाचताना पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. मात्र या वयात माणूस अंतराने थकत नाही, गाडीतून उतरण्या-चढण्याने थकतो, हे ती यादी करणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्या दिवशी आम्ही चहापाण्याच्या थांब्यांसह नऊ वेळा उतरलो आणि नऊ वेळा चढलो. दुपारनंतर मी ते मोजूच लागलो होतो.

गाडी सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर होती, स्वच्छ होती, आणि चालक घाटात अतिशय जपून चालवत होता. पण तिची पहिली पायरी जमिनीपासून चांगली गुडघ्याएवढी उंच. त्यासाठी प्लॅस्टिकचे एक स्टूल दिले होते, जे उतारावर डगमगत असे, आणि मावशींनी पहिल्याच थांब्यावर त्यावर पाय ठेवण्यास साफ नकार दिला. “आक्का, मी धरतो ना घट्ट,” असे म्हणून चालकाने प्रत्येक वेळी स्वतः उतरून त्यांना हात दिला, हे त्याच्या खात्यावर जमा आहे. तरी रुंद बुडाचा एक लाकडी पाट गाडीत ठेवला असता तर हा प्रसंगच आला नसता. बैठकव्यवस्थेचा विचारही कोणी केला नव्हता. मागच्या चाकांवरील रांगेत कंबरदुखीचे दोघे बसले आणि जालना-संभाजीनगर हे सुमारे साठ किलोमीटर अंतर संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक खड्ड्याची नोंद घेतली.

दौलताबाद वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. देवगिरीचा, म्हणजे याच किल्ल्याचा, माथा गाठायचा तर शेकडो पायऱ्या आणि मध्ये ‘अंधारी’ ही काळोखी भुयारी वाट. ज्येष्ठांनी त्या वाटेला जायचे नाही, हे आयोजकांनाही ठाऊक होते. म्हणून आम्हाला चांदमिनारापर्यंत नेऊन परत आणले. तेवढ्या पाऊण तासासाठी एक चढणे-उतरणे, दगडी फरसबंदीवरचे चालणे आणि पुढे घाटातील वाहनांची कोंडी, असा सगळा खर्च पदरी पडला आणि वेरूळला पोहोचायला साडेदहा वाजले. यादवांची राजधानी रस्त्यावरूनही डोळे भरून दिसते. तो डोंगर तासलेला कडा गाडीच्या खिडकीतून पाहिला तरी त्याचा दरारा कमी होत नाही.

वेरूळबाबत मात्र तक्रार उलट आहे. येथे दिलेला वेळ कमी पडला. एकूण ३४ लेणी, त्यांतील १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, ही सगळी एका दिवसात पाहणे तरुणालाही झेपत नाही, हे मान्य. परंतु १६ क्रमांकाचे कैलास लेणे ज्येष्ठांसाठी जणू घडवूनच ठेवले आहे, कारण त्याचे प्रांगण जवळपास सपाट आहे आणि मंदिर माथ्याकडून खाली कोरत आणलेले असल्याने सगळे वैभव खाली उभे राहून मान वर केली की समोर येते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील हे काम. दोन्ही बाजूंचे ध्वजस्तंभ, पाठीवर मंदिर पेलून उभे असलेले हत्ती आणि दक्षिण बाजूचा कैलास हलवणारा रावण, हे सारे एकही पायरी न चढता पाहता येते. मंदिराच्या वरच्या मजल्यावर नेणाऱ्या पायऱ्या अरुंद आणि झिजलेल्या आहेत, आत उजेड कमी असतो. तिकडे जायचेच नाही असे आधीच ठरवले तर मनाला रुखरुख लागत नाही. आमच्या मार्गदर्शकाने चाळीस मिनिटांत ‘चला, चला’ सुरू केले. त्याचे ज्ञान चांगले होते, आवाजही खणखणीत होता, पण भिंतीला टेकून दोन मिनिटे बसलेल्या माणसाला उठवणे हे ज्येष्ठांच्या सहलीत बसत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, हे आपले आपण लक्षात ठेवावे. आम्ही बुधवारी गेलो होतो, ते याच कारणाने.

घृष्णेश्वराला पुरुषांना अंगरखा काढून गाभाऱ्यात जावे लागते आणि सगळ्यांनाच अनवाणी चालावे लागते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या देवळात, ज्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला, भर दुपारी बाराच्या सुमारास नेले, तेव्हा अंगणातील दगड तापलेला होता. ज्यांना मधुमेहामुळे तळपायाला बधिरता आहे, त्यांना चटका बसलेला कळतसुद्धा नाही. माझ्या सौभाग्यवतींनी सुती मोज्यांचे चार जोड पिशवीत घेतले होते. आयोजकांनी ही सूचना आदल्या दिवशी फोनवर देणे अगदी सोपे होते. सोमवारी, त्यातही श्रावणात, येथील रांग पाहता ज्येष्ठांनी तो दिवस टाळलेला बरा. तीच गोष्ट भद्रा मारुतीला शनिवारी.

जेवण दीड वाजता मिळाले. जेवण उत्तम होते, हे आधी सांगितले पाहिजे: पिठले, गरम ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, ताक, आणि ठेचा वेगळा ठेवलेला. पण मधुमेहाच्या गोळीनंतर किंवा इन्सुलिननंतर जेवायला उशीर झाला की साखर खाली जाते. आमच्यातील एका काकांना एकच्या सुमारास हात थरथरून घाम सुटला, तेव्हा गाडीत गूळ आणि बिस्किटे आमची होती, सहलीची नव्हती. सुदैवाने दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरे वाटले. साडेबारा ही जेवणाची वेळ करारातच लिहून घ्यावी, असे मी आता आग्रहाने सांगेन.

याहून नाजूक विषय स्वच्छतागृहाचा. तो जाहिरातीत नसतो आणि सहलीत सर्वांत आधी तोच आठवतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणारी कितीतरी माणसे प्रवासाच्या दिवशी ती गोळी गुपचूप चुकवतात, आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी. आमच्या गटातील तीन बायकांनी सकाळपासून जेवणापर्यंत घोटभरच पाणी घेतल्याचे नंतर कळले. दर दीड तासाला नीट स्वच्छतागृह असलेल्या जागी थांबण्याची व्यवस्था हवी होती, आणि ती जागा चालकाने आधी पाहून ठेवलेली हवी होती.

म्हैसमाळला पोहोचेपर्यंत साडेतीन वाजले. खुलताबादहून सुमारे बारा किलोमीटरचा हा रस्ता चढत जातो आणि वर गेल्यावर एकदम मोकळे पठार लागते. दूरदर्शनचा मनोरा दिसू लागला की आलो असे समजावे. सहलीचा खरा आनंद येथे होता. गिरिजामातेच्या देवळाशी शांतता होती, हवेत गारवा होता, गवत पिवळे पडू लागले होते. पठाराच्या कडेला आम्ही गाडीतील दोन सतरंज्या अंथरल्या आणि चहा घेत बसलो. कोणाला कुठे जायचे नव्हते. रस्त्यावर घेतलेल्या टोपलीतील सीताफळे तिथेच फोडली. मधुमेहींनी एकेक खाल्ले आणि एकमेकांना घरी न सांगण्याची शपथ घातली. ही एवढी एकच जागा ठेवून सहल काढली असती तरी आम्ही तक्रार केली नसती. मात्र पावसाळ्यात, जेव्हा म्हैसमाळ सर्वांत हिरवे असते, तेव्हा धुके आणि शेवाळलेले दगड असतात. काठी वापरणाऱ्यांनी दसऱ्यानंतरच यावे.

सूर्यास्ताचा हट्ट धरल्यामुळे उतरणीचा रस्ता अंधारात आला आणि जालन्यात परतायला साडेनऊ झाले. इतका लांबलेला दिवस ऐंशीच्या माणसाला दोन दिवस अंथरुणात ठेवतो. मावशींचे तसेच झाले.

स्वस्तात करायचे म्हणणाऱ्यांसाठी एसटीचा पर्याय आहे: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला आणि महिलांना अर्धे तिकीट. पण एसटीची पायरी टेम्पोपेक्षाही उंच, आणि खुलताबादपासून वर जायला वेगळे वाहन करावे लागते. एकट्या-दुकट्याने ते जमेल, गटाने नाही.

मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देतो. त्यांतील दोन चालकाचे आणि एक जेवणाचा. परत आल्यावर आयोजकांना फोन करून मी आमच्या पुढच्या गटासाठी वेगळे वेळापत्रक मागितले: साडेसहाला निघून थेट वेरूळ, कैलास लेण्यासाठी दोन निवांत तास, साडेबाराला जेवण, मग तासभर विश्रांती, तीनच्या आत म्हैसमाळ आणि पाचला परतीचा रस्ता. ठिकाणे कमी केली तर दरही कमी करू, असे ते म्हणाले. दर तोच ठेवा आणि गाडीत लाकडी पाट ठेवा, असे मी त्यांना सांगितले आहे. जानेवारीची तारीख अजून ठरायची आहे.