आठ ट्रॅकचं मशीन आणि आमचं भजन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागांच्या गल्लीत. सकाळपासून रात्रीपर्यंत दोन्ही बाजूंनी खटखट चालू असते. अशा घरात भजनाचं रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर कोणीही नको म्हणेल. तरी मागच्या आषाढीच्या आधी मी कोल्हापुरातून एक सेकंडहँड डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर आणला. ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजासाठी वेगळी पट्टी, आठ आहेत, पण एका वेळी रेकॉर्ड होतात फक्त दोन. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं या वर्गातल्या बहुतेक मशीनना लागू पडेल.

घेण्याचं खरं कारण एकच, ते सेलवर चालतं. आमच्याकडे करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात आणि गल्लीत अशी शांतता पसरते की पखवाजावर कणीक थापल्याचा आवाजही माईकमध्ये येतो. पेटीवाले तात्या तर फोन करूनच सांगतात, "करंट गेलाय बघ, लाव की मशीन!" पावसाळ्यात तीन अभंग असेच झाले. शिवाय करंट नसला की वायरीतून येणारी ती 50 हर्ट्झची घूं सुद्धा नसते. मात्र कंडेन्सर माईकला (हा बारीक आवाज टिपतो, पण त्याला वीज लागते) मशीनमधून 48 व्होल्टचा फँटम पॉवर लावला की सेल भराभर उतरतात. एकदा बुवांचा सगळ्यात चांगला टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, चालू असताना मशीन बंद पडलं आणि फाइल सेव्हच झाली नाही. तो टेक पुन्हा तसा आला नाही, त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला नवे सेल घालतो. चार्जिंगचे असतील तर मेनूत सेलचा प्रकार बदलतो, कारण ते 1.2 व्होल्टचे असतात आणि साधे 1.5 चे. प्रकार चुकला तर मशीन शिल्लक चुकीची दाखवतं.

पहिले दोन महिने मी एकच चूक करत होतो, सगळ्यांना एकत्र बसवून वाजवायला लावायचो. टाळ हे फार तिखट वाद्य आहे. तो पेटीच्या माईकमध्ये शिरतो, बुवांच्या माईकमध्येही शिरतो. मग सगळे ट्रॅक एकत्र मिक्स करताना बुवांचा आवाज वर घेतला की टाळही वर येतो. आता क्रम बदललाय. आधी पेटी आणि पखवाज एकत्र, दोन माईकवर. बुवा लांब बसून हलक्या आवाजात नुसती दिशा देतात. मग बुवांचा खरा आवाज, त्यानंतर कोरस, आणि सगळ्यात शेवटी टाळ. त्याचा माईक पाच-सहा फुटांवर ठेवतो. मशीनमधला ठोके देणारा मेट्रोनोम मात्र बंदच ठेवतो. भजनाची लय गजराकडे चढत जाते, तिला ठोक्यात बांधलं तर जीवच जातो. म्हणून पखवाज आणि पेटी एकाच वेळी झालीच पाहिजेत, लय ते दोघं मिळून ठरवतात.

लेव्हलचं एक सांगतो, यावर माझे चार टेक वाया गेलेत. बुवा सुरुवातीच्या आलापात जेवढं गातात, त्यावर गेन, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा ते, लावायचा नाही. आधी त्यांना गजर म्हणायला लावायचा आणि त्याचं सर्वांत वरचं टोक वजा 12 डेसिबलच्या आसपास ठेवायचं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो नंतर धड करता येत नाही. 24 बिटवर, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या सेटिंगवर, रेकॉर्ड केलं तर लेव्हल थोडी खाली राहिली तरी बिघडत नाही. 44.1 किलोहर्ट्झला एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साधारण 8 एमबी लागतात, म्हणजे नऊ मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या अभंगाला पाऊण जीबीच्या आतच जागा लागते. कार्डाची चिंता नको.

हेडफोनला एकच जागा आहे, ही मोठी अडचण. कोरसला चौघांना ऐकू यायला हवं, म्हणून वेगळा स्प्लिटर घ्यावा लागला. कोरसचे चार टेक झाले की ते बाउन्स करून, म्हणजे एकत्र मिसळून, दोन ट्रॅकवर आणतो, म्हणजे बाकीच्यांना जागा होते. पण बाउन्सनंतर जुन्या टेकवर नवं रेकॉर्डिंग केलं की आवाज वेगळे काढता येत नाहीत. आधी प्रोजेक्टची कॉपी करा, मगच पुढे जा.

मिक्सडाउन, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून शेवटचा अभंग उतरवणं, हे मात्र या मशीनचं सुख आहे. माउस नाही, स्क्रीनवर डोळे फोडणं नाही. अभंग वाजत असतो आणि बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांवर, असतात. नऊ मिनिटांचा अभंग म्हणजे नऊ मिनिटं जागेवरून हलायचं नाही, आणि आठव्या मिनिटाला हात चुकला की पहिल्यापासून. सहाव्या-सातव्या खेपेला मला तो अभंग आतून कळायला लागतो, कुठे पेटी मागे घ्यायची आणि कुठे पखवाजाला पुढे येऊ द्यायचं. पखवाज मध्ये, पेटी थोडी डावीकडे, टाळ उजवीकडे आणि बराच खाली. बुवांच्या आवाजातला 100 हर्ट्झखालचा भाग कापतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अगदी थोडा. जास्त टाकला की शब्द विरघळतात, आणि अभंगात शब्द आधी. मिक्स झाला की तो मोबाइलवर आणि देवळाच्या कर्ण्यावर ऐकतो. कर्ण्यावर पखवाजाचा धुम जवळजवळ जातोच, म्हणून त्याच्या थापेचा वरचा भाग थोडा उचलून ठेवतो.

आमच्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे संवादिनीवादक होऊन गेले, त्यामुळे इथे पेटीकडे कान फार बारीक असतात. तात्यांनी आपली पेटी पहिल्यांदाच एकटी, बाकी सगळे ट्रॅक म्यूट करून ऐकली आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हिचा भाता उसासतोय की रे." दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेटी दुरुस्तीला दिली.

हल्ली मंडळातली दोन पोरं पखवाजाचा ट्रॅक बंद करून उरलेल्या अभंगासोबत घरी हात बसवतात. तसा पखवाजाविना मिक्स त्यांच्यासाठी मी प्रत्येक अभंगाचा वेगळा करून ठेवतो.