गाडीत सबवूफर बसवून घेताय? आधी फ्यूज पाहा

गाडीच्या मूळ स्टीरिओला सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर, जोडून देतो असे सांगून पुण्यातील एका अ‍ॅक्सेसरीज दुकानदाराने माझी जी फसवणूक केली, ती केवळ पैशांपुरती असती तर एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्याने करून दिलेल्या जोडणीमुळे चालत्या गाडीत वायर पेटण्याचा धोका निर्माण झाला होता, आणि त्याच हातांनी जोडलेल्या इतरही गाड्या या शहरात फिरत असतील, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या गाडीत कंपनीने बसवलेला स्टीरिओ आणि दारांमध्ये चार स्पीकर आहेत. वडिलांना प्रवासात अभंग ऐकायला आवडतात; पण साडेसहा इंची दाराच्या स्पीकरमधून टाळ आणि पेटी स्वच्छ ऐकू येते, पखवाजाच्या डाव्या पुडीचा खर्ज मात्र हरवतो. स्टीरिओ न बदलता हा खर्ज भरून काढण्याचा सरळ मार्ग म्हणजे अ‍ॅक्टिव्ह सबवूफर. त्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो, सीटखाली तो मावतो आणि साधारण 80 ते 100 हर्ट्झच्या खालचे स्वर तेवढे उचलतो. कल्पना योग्यच होती आणि आजही आहे.

नाना पेठेच्या परिसरातील त्या दुकानात मला एका नामांकित कंपनीचा सबवूफर दाखवण्यात आला. खोक्यावर 600 वॉट असे ठळक छापलेले होते. सबवूफर, वायरिंग किट आणि फिटिंग मिळून साडेअकरा हजार रुपये ठरले. मी पक्के बिल मागितले तेव्हा, "साहेब, पक्के बिल घेतलेत तर जीएसटी वर पडेल, गॅरंटी माझी आहे," असे उत्तर मिळाले. खोक्यावरची एमआरपी ही सर्व करांसह असते आणि तिच्यावर आणखी कर लावण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही, हे मी त्याला सांगितले, तरी शेवटी हातात आले ते दुकानाचा शिक्का नसलेले कच्चे बिलच. काम सुरू झाल्यावर, "तुमच्या कंपनीच्या स्टीरिओला आरसीए आउटपुट नाही, त्यामुळे हाय-लो कन्व्हर्टर लागेल," असे सांगून त्याचे वेगळे पैसे घेण्यात आले. आरसीए म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला द्यायच्या क्षीण सिग्नलचे आउटपुट; ते नसेल तर स्पीकरच्या वायरीतील जोरदार सिग्नल त्याजोगा करून देणारी छोटी डबी म्हणजे हा कन्व्हर्टर. वास्तविक त्या मॉडेलला स्पीकरच्या वायरवरून थेट सिग्नल घेण्याची सोय असल्याचे खोक्यावरच छापलेले होते.

पहिल्या दिवसापासून इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी एक बारीक शिटी स्पीकरमधून ऐकू येऊ लागली. त्यानंतर दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागेनासा झाला. दुकानदाराला फोन केला, तर त्याने गाडी न पाहताच बॅटरी संपली असल्याचा निर्वाळा दिला आणि ओळखीच्या दुकानातून नवी बॅटरी घेण्याचा आग्रह धरला. माझ्या मते या व्यवहारातील सर्वांत निलाजरा भाग हाच होता, कारण आपल्या माणसाने वायर कुठे जोडली आहे हे त्याला नक्की माहीत होते.

कर्वे रस्त्याजवळच्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मी गाडी नेली. त्यांनी बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती. मग गाडी बंद करून, चावी काढून बॅटरीतून बाहेर जाणारा करंट मोजला. एरवी तो काही मिलिअँपिअर असायला हवा, मीटरवर मात्र अर्ध्या अँपिअरहून अधिक आकडा दिसत होता. सबवूफरला 'आता चालू हो' असे सांगणारी रिमोट वायर चावीवर चालू-बंद होणाऱ्या सप्लायला जोडायची असते. ती कायम चालू असलेल्या सप्लायला जोडलेली होती, म्हणजे सबवूफर रात्रंदिवस जागाच होता. अशा गतीने 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत रिकामी होणारच.

सीट काढून कार्पेट उचलल्यावर खरा प्रकार उघडा पडला. बॅटरीपासून आलेली लाल वायर बोटाएवढी जाड दिसत होती. इलेक्ट्रिशियननी ब्लेडने तिचे टोक सोलले, तेव्हा जाडी जवळपास सगळी प्लास्टिकचीच निघाली, आत काड्यांसारख्या बारीक तारा होत्या. त्यांतील एक तार खरवडताच तांबूस मुलामा निघून खाली पांढरा अ‍ॅल्युमिनियम चमकला. बाजारात हिला सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम) म्हणतात; तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा दीडपटीहून अधिक असतो, पण माझ्याकडून पैसे मात्र शुद्ध तांब्याचे घेतले होते. अर्थची वायर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला टेकवायची वायर, रंग न खरवडता सीटच्या बोल्टखाली दाबलेली होती; ती शिटी तिथूनच येत होती. स्टीरिओमागचा कंपनीचा कपलर (वायरी जोडणारा तयार प्लग) कापून वायरी नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळली होती. असा कपलर कापला की त्या भागाची वॉरंटी नाकारायला गाडीच्या कंपनीला आयते कारण मिळते.

यांहून गंभीर बाब फ्यूजची. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा लागतो, कारण त्याचे काम सबवूफरला नव्हे, तर वायरला वाचवण्याचे आहे. माझ्या गाडीत तो मागे, सीटखाली सबवूफरजवळ लावला होता. इंजिनाच्या कप्प्यातून आत येताना ही वायर पत्र्याच्या भोकातून ग्रोमेटशिवाय, म्हणजे वायरला कडेपासून वाचवणाऱ्या रबरी कड्याशिवाय, ओढलेली होती आणि तिचे आवरण कडेवर घासून पातळ झाले होते. ते फाटून तार पत्र्याला टेकली असती, तर बॅटरीचा सगळा करंट त्या तारेतून वाहिला असता आणि सीटखालच्या फ्यूजला त्याची खबरही लागली नसती.

आता 600 वॉटची गोष्ट. सबवूफरच्या स्वतःच्या पॅनेलवर 10 अँपिअरचा फ्यूज होता. इंजिन चालू असताना गाडीचा दाब सुमारे 14 व्होल्ट असतो. म्हणजे ती पेटी सलग 140 वॉटपेक्षा अधिक वीज घेऊच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. स्पीकरला सतत मिळणारी शक्ती फार तर शंभराच्या आसपास उरते. हा हिशेब दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, कोणालाही करता येतो. खोक्यावरील 'मॅक्स' किंवा 'पीक' आकड्याकडे लक्ष न देता 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा पाहावा आणि फ्यूजशी तो जुळतो का ते ताडून घ्यावे. मूळ कंपनीला मी सिरियल नंबर पाठवला, तेव्हा तो त्यांच्या नोंदीत नसल्याचे लेखी उत्तर आले. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांकही नव्हता. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर हा तपशील कायद्याने बंधनकारक आहे.

फिटिंग चालू असताना गाडीजवळ थांबा आणि कार्पेट खाली बसण्यापूर्वी बॅटरीजवळचा फ्यूज, ग्रोमेट व अर्थची खरवडलेली जागा दाखवायला सांगून त्यांचे फोटो काढा. कापाकापीऐवजी आपल्या मॉडेलचा तयार कपलर मागा, तो मिळतो. खरा कारागीर हे दाखवायला कधीच कुरकुर करत नाही, असे मला त्या इलेक्ट्रिशियनकडे उभे असताना दिसले. त्यांनी प्रत्येक जोड स्वतःहून दाखवला.

कच्चे बिल असले तरी तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे, इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल आणि काढलेले सामान हे सगळे पुरावे म्हणून सांभाळावेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने बनावट सबवूफर परत घेऊन त्याची किंमत दिली. वायरिंग किट, कन्व्हर्टर आणि फिटिंगचे पैसे द्यायला तो तयार नाही. त्या रकमेसाठी आणि कापलेल्या कपलरच्या दुरुस्तीखर्चासाठी आयोगाकडे द्यायची कागदपत्रे मी तयार केली आहेत.