डायना अवॉर्ड : नाव राजघराण्याचे, कारभार स्वतंत्र

आपल्या विद्यार्थ्याचे नाव ‘डायना अवॉर्ड’साठी सुचवू पाहणाऱ्या शिक्षकांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे हा पुरस्कार ब्रिटनचा राजवाडा देत नाही. राजकुमारी डायना यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मारकाचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या प्रयत्नांतून १९९९ साली हा पुरस्कार सुरू झाला; म्हणजे त्याचे मूळही राजवाड्यात नसून सरकार दरबारी आहे. पुढे २००६ साली त्याची स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. लोकांच्या देणग्यांवर उभा राहिलेला आणि २०१२ अखेर बंद झालेला डायना स्मृती निधी निराळा, तसेच डायना यांचे थोरले पुत्र विल्यम यांचे रॉयल फाउंडेशनही निराळे.

हे स्वातंत्र्य नुसते कागदावरचे नाही, असे माझे मत आहे. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये झालेल्या सोहळ्याला विल्यम स्वतः हजर राहिले, तर त्यांचे धाकटे भाऊ हॅरी त्यांच्यानंतर व्हिडिओद्वारे विजेत्यांशी बोलले. दोघा भावांमधला दुरावा जगजाहीर असताना दोघांचाही पाठिंबा टिकवणे, हे कोणा एकाच्या पदरी बांधलेल्या संस्थेला जमले नसते.

पुरस्कार ९ ते २५ वर्षे वयाच्या, समाजासाठी काम करणाऱ्या मुलामुलींना मिळतो आणि तो भारतातल्या मुलांनाही मिळालेला आहे. स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही, आईवडिलांनाही ती मुभा नाही. मुलाचे काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाने किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याने अर्ज भरायचा असतो. पालकांची हौस त्यामुळे आपोआप बाजूला पडते, आणि मला हा नियम सर्वांत आवडला. मात्र शाळेच्या दाखल्यावर खपून जाणारे ‘समाजकार्याची आवड आहे’ हे वाक्य इथे कुचकामी ठरते. मुलाला नेमका कोणता प्रश्न दिसला, त्याने काय केले, कोणाचे काय बदलले आणि आणखी कोण त्याच्या मागून कामाला लागले, हे उदाहरणांसह लिहावे लागते.

खरी उणीव इथेच आहे. निवड मुलाच्या कामाची असली, तरी परीक्षकांपुढे जाते ते मोठ्यांचे इंग्रजी लेखन, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतली धडपडी मुलगी मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेच्या विद्यार्थ्यापुढे अर्जातच मागे पडू शकते. संस्था विश्वासार्ह आहे, नाव जरूर सुचवावे. फक्त मजकूर आधी मराठीत सविस्तर लिहून काढावा आणि मगच चांगले इंग्रजी येणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा.