पायाला मुंग्या येतात म्हणून आईला न्यूरोकडे (नसांच्या डॉक्टरांकडे) नेलं, नाशिकचा अनुभव

सहा-सात महिने आईच्या तळपायाला मुंग्या, रात्री आग आग, आणि एक दिवस चप्पल पायातून निसटून अंगणातच राहिली आणि ही अनवाणीच रस्त्यापर्यंत गेली, तिला कळलंच नाही, तेव्हा मात्र मी घाबरले. आधीच्या डॉक्टरांचं एकच, शुगर आहे, वय झालं, चालायचंच.

या क्लिनिकने अपॉइंटमेंट देतानाच सांगितलं की घरात जी जी गोळी-पुडी खातात ती सगळी पिशवीत घालून आणा. डॉक्टरांनी आधी पिशवीच उघडली. शुगरची मेटफॉर्मिन 12 वर्षं, त्यावर ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल 4 वर्षं रोज उपाशीपोटी, त्यात आई पक्की शाकाहारी. या दोन्ही गोळ्यांनी बी12 अंगी लागायचं कमी होतं आणि ते कमी पडलं की नसा खराब होतात, आणि 12 वर्षांत एकदाही कोणी बी12 तपासलं नव्हतं हो! मावशीने दिलेली गुडघ्याची पुडी बघून म्हणाले यात भस्म असेल तर शिसं असू शकतं, तेही नसांना वाईट, रक्तातलं शिसंही तपासून घेऊ. द्राक्षबाग आहे म्हटल्यावर, फवारणीच्या औषधानेही नसांना त्रास होऊ शकतो म्हणून विचारलं, बाबांचे फवारणीचे कपडे कोण धुतं? आईच धुते, हाताने. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मग ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला, थरथर थांबली की सांगा म्हणाले. आई म्हणाली थांबलं, तोच त्यांनी माझ्या बोटावर लावला तर चांगला थरथरत होता, मला रडूच आलं. एनसीव्ही टेस्टला (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात) बारीक शॉक बसतात पण टेक्निशियन ताईंनी आधी आईचे पाय गरम टॉवेलने शेकले, पाय गार असले की नस मुळात आहे त्यापेक्षा मंद दिसते म्हणे. टेस्टचे 2500 घेतले.

बी12 निघालं 142, म्हणजे कमीच, शिसं नॉर्मल. मेटफॉर्मिन बंद केली नाही, स्वतःच्या मनाने बंद करूही नका म्हणाले. बी12 ची इंजेक्शनं सुरू केली, पुडी बंद, पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करतोय, कपडे आता बाबा हातमोजे घालून वेगळे धुतात. तीन महिन्यांत रात्रीची आग बरीच कमी झाली, अंगठ्याला मात्र अजून नीट कळत नाही, वेळ लागेल म्हणालेत.

एक स्टार कापला तो जिन्यासाठी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे निम्मे पेशंट असे की पायरीवर पाऊल पडलं की नाही ते त्यांना खाली बघितल्याशिवाय कळत नाही. निदान दोन्ही बाजूंनी कठडा तरी लावा ना प्लीज.